‘उष्णता झाली असेल’

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात. कडुलिंबाला झोके बांधले जातात, गौराई बसते, आमरसाची पातेली भरतात. बाहेर वैशाखाचं ऊन असतं आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या खाली उतरायचं नाव घेत नाही. अशा दुपारी पुरुषमंडळी ओट्यावर आडवी झाली की मागच्या खोलीत मायलेकींचं हळू आवाजातलं बोलणं सुरू होतं. सासरचं, पोरांचं, पैशाचं बोलून झालं की मग लेक सगळ्यात शेवटी, उठता उठता सांगते, ‘अंगावरून पांढरं जातं गं.’ किंवा, ‘या महिन्याची अजून आली नाही.’ माय क्षणभर तिच्याकडे बघते आणि म्हणते, ‘उष्णता झाली असेल. सब्जा घे. आंबा जरा कमी खा.’

हे उत्तर मी इतक्या घरांत ऐकलं आहे की त्याला आता हसावंसं वाटत नाही. ‘उष्णता’ हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात कुणाचा दोष नसतो, नवऱ्याचं नाव येत नाही, आजाराचं नाव येत नाही, आणि सब्जा तर घरातच असतो. अडचण एवढीच की या एका शब्दाखाली निदान सहा-सात वेगवेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. त्यांतल्या काही अगदी निरोगी असतात, काही आठवड्याच्या गोळ्यांनी बऱ्या होतात आणि एक-दोन जीवावर बेततात.

हा शब्द खान्देशापुरता नाही. उत्तर गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांना विचारलं, का जात असेल? सगळ्यात जास्त जणींनी ताण आणि मनाचा त्रास हे कारण सांगितलं, त्याच्या खालोखाल अंगातली उष्णता, आणि जंतूंचं नाव त्यानंतर. तपासणीतही बायकांचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा उदासी, चिंता आणि घरातल्या जाचाशी जास्त जवळचं होतं. म्हणजे कित्येकदा ‘पांढरं जातं’ ही ‘माझं काही बरं चाललेलं नाही’ हे सांगायची वाट असते. कंबर दुखते, हातपाय गळून जातात, चक्कर येते, हे सगळं त्या एका वाक्यात बांधून येतं.

हाडं झिजून त्यांचं पाणी बाहेर जातं आणि म्हणून कंबर दुखते, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. तिला आधार नाही. हाडांचा आणि या स्रावाचा काही संबंध नाही. कंबर दुखते ती दिवसभर वाकून कापूस वेचल्याने, केळीचे घड डोक्यावरून वाहिल्याने, हंडे उचलल्याने. थकवा येतो तो रक्त कमी असल्याने, कारण महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात पुरेसं रक्त नाही, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच सांगते. पण कंबरेची आणि थकव्याची तक्रार घरात कुणी ऐकून घेत नाही. मग ती पांढऱ्यावर बसते.

मग हे पांढरं असतं तरी काय? डोळ्यांत पाणी असतं, तोंडात लाळ असते, तसा योनीमार्गही कोरडा नसतो. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथी आणि योनीची भिंत मिळून रोज थोडा ओलावा तयार करतात, अर्धा-एक चमचा, कधी कमी, कधी जास्त. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात. जर्मन डॉक्टर आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. दही लावणाऱ्या विरजणातल्या जिवाणूंचे हे भाऊबंद. ते तिथली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात, त्यामुळे जागा आंबटसर राहते आणि बाहेरच्या जंतूंचं तिथे फावत नाही. घराच्या उंबऱ्याशी बसलेली जुनी आजी जशी अनोळखी माणसाला आत सोडत नाही, तसं हे काम चालतं.

हा ओलावा महिनाभर सारखा नसतो. पाळी गेल्यावर काही दिवस कोरडे जातात. मग महिन्याच्या मध्याला, अंडं बाहेर पडायच्या आसपास, तो पातळ, पारदर्शक, बोटात धरून ताणला तर तार सुटावी असा होतो. अंडं बाहेर पडल्यावर पुन्हा दाट, पांढरट, चिकट. कपड्यावर वाळला की पिवळसर डाग दिसतो आणि तो बघूनच अनेकजणी घाबरतात. वयात येणाऱ्या मुलीला पहिली पाळी येण्याआधी सहा महिने ते वर्षभर असा स्राव सुरू होतो. गरोदरपणात तो वाढतो. तांबी बसवलेल्या काहीजणींनाही जास्त वाटतो. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर त्याला औषध नको.

आता औषध कधी हवं ते. इथे रंग, वास आणि खाज या तीन गोष्टी विचाराव्या लागतात आणि माय त्याच विचारत नाही, कारण तिलाही कधी कुणी विचारलेल्या नसतात.

दह्याच्या फुटक्या कवड्यांसारखं पांढरं, वास फारसा नाही पण खाज इतकी की रात्री झोप लागू नये, असं असेल तर बहुतेक ती कॅन्डिडा नावाची बुरशी. चारांतल्या तिघींना आयुष्यात कधी ना कधी ती होते. सर्दीखोकल्यासाठी अँटिबायोटिक घेतलं की राखण करणारे जिवाणूही मरतात आणि बुरशीचं फावतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. कित्येकींचा मधुमेह असाच सापडतो.

पातळ, राखाडी-पांढरा स्राव आणि त्याला माशासारखा वास, विशेषतः संबंधानंतर किंवा पाळीच्या शेवटी वाढणारा, तर तो जिवाणूंचा तोल ढळल्याचा प्रकार. राखणदार कमी झाले, बाकीचे माजले. वास आला की बाई स्वच्छतेच्या मागे लागते. तुरटीचं पाणी, डेटॉल, साबण, हल्ली टीव्हीवरच्या जाहिरातीतली सुगंधी बाटली. आतून धुण्याने उरलेसुरले राखणदारही वाहून जातात आणि वास आणखी वाढतो. योनीमार्ग स्वतःला स्वतः धुतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

हा तोल मेट्रोनिडॅझोलच्या आठवडाभराच्या गोळ्यांनी सावरतो, पण निम्म्याजणींचा पुन्हा बिघडतो. २०२५ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं की बाईबरोबर तिच्या जोडीदारालाही औषध दिलं तर हे परत उलटण्याचं प्रमाण बरंच खाली येतं. इतकी वर्षं बाईच्या अस्वच्छतेवर फोडलेल्या खापराचा अर्धा वाटा असा दुसरीकडे गेला.

फेसाळ, पिवळट-हिरवा, घाण वासाचा, आग करणारा स्राव असेल तर ट्रायकोमोनास. हा जीव पॅरिसच्या आल्फ्रेड डॉने यांनी १८३६ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली हलताना पाहिला होता. तो संबंधांतून येतो, म्हणून औषध नवराबायको दोघांनी एकाच वेळी घ्यावं लागतं. इथे खान्देशातल्या कित्येक घरांत खरी अडचण उभी राहते, कारण नवरा सुरतेला असतो. उधना-लिंबायतच्या खोलीत चार-पाच जणांत राहणारा, सणाला घरी येणारा. बाई गावात गोळ्या घेऊन बरी होते, तो दिवाळीला येतो आणि तिचा त्रास परत सुरू होतो. सरकारी दवाखान्यांत या आजारांच्या औषधांची रंगवार पाकिटं फुकट मिळतात, जोडीदारासाठीही. जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात त्यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. बायको पाकीट सुरतेला धाडेल कसं आणि सांगेल काय, याचं उत्तर मात्र कुठल्या पाकिटात नसतं.

क्लॅमिडिया आणि परमा (गनोरिया) हे संबंधांतून येणारे आजार तर बहुतेक वेळा काही लक्षणच दाखवत नाहीत. ओटीपोटात किंचित दुखतं, संबंधांच्या वेळी कळ येते, बस. वर्षभराने गर्भनलिका चिकटलेल्या सापडतात. गर्भाशयाच्या क्षयाचंही असंच. भारतात तो मूल न होण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. त्यात पाळी कमी कमी होत जाते आणि बाई म्हणते, बरं झालं, त्रास कमी झाला.

तक्रार आणि आजार यांची ही फारकत जगापुढे पहिल्यांदा ठळकपणे मांडली गेली ती महाराष्ट्रातूनच. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायकांची तपासणी केली. आजारी म्हणून आलेल्यांची नव्हे, गावातल्या सर्वसाधारण बायकांची. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगापैकी काही ना काही होतं, सरासरी प्रत्येकीला साडेतीनहून जास्त. आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारी कामकाजात बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. त्या दोहोंपलीकडे तिच्या अंगात काय चालतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

गडचिरोली सांगते, तक्रार न करणाऱ्या बाईलाही आजार असतो. गोवा सांगतं, तक्रार करणाऱ्या बाईला दरवेळी जंतूच असतात असं नाही. दोन्ही खरं आहे. म्हणूनच ‘पांढरं जातं’ एवढं ऐकून लगेच गोळ्यांचं पाकीट हातात देणारा दवाखाना अर्धंच काम करतो. आडोसा, तपासणीचं टेबल आणि पाच मिनिटं निवांत विचारपूस लागते. साक्रीहून दोन एसट्या बदलून धुळ्याला भाऊसाहेब हिरे रुग्णालयात आलेल्या बाईला परतीची गाडी धरायची असते, हे मला माहीत आहे. तरीही लागते.

आता दुसरं वाक्य. ‘या महिन्याची अजून आली नाही.’

महिना म्हणजे तीस दिवस हा पंचांगाचा हिशेब, शरीराचा नव्हे. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. २१ ते ३५ दिवसांत काहीही आलं तर ठीक. वयात नुकत्याच आलेल्या मुलींचं ४५ दिवसांपर्यंतही जातं. त्यांची घडी बसायला दोन-तीन वर्षं लागतात.

उशीर नेमका कुठे होतो, ही यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. अंडं बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचे दिवस जवळपास ठरलेले असतात, साधारण बारा ते चौदा. जळगावहून सुटलेली पॅसेंजर भुसावळला किती वेळात पोचते ते ठाऊक असतं. उशीर होतो तो सुटायलाच. तसंच हे. पाळी लांबली म्हणजे बहुधा त्या महिन्यात अंडं उशिरा सुटलं, किंवा सुटलंच नाही. ताप आला, परीक्षा होती, घरात मयत झाली, उपास कडक केले, वजन एकदम वाढलं किंवा घटलं, की मेंदू अंडाशयाला जरा थांब म्हणतो. थायरॉइड बिघडलं असेल, प्रोलॅक्टिन वाढलं असेल, तरी तेच. गंमत म्हणजे अंडं सुटल्यावर शरीराचं तापमान खरोखरच थोडं चढतं, ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने, आणि पाळीपर्यंत चढलेलं राहतं. आजीच्या उष्णतेत खरी उष्णता शोधायचीच तर ती एवढी सापडते. तीही काही बिघडल्याची नव्हे, सगळं नीट चालल्याची खूण.

पण पहिला प्रश्न दिवस राहिलेत का, हाच. लग्न झालेलं असो वा नसो, तांबी असो, मूल अंगावर पीत असो. पहिले सहा महिने बाळ रात्रंदिवस फक्त अंगावर पीत असेल आणि पाळी आली नसेल तर दिवस राहण्याची शक्यता फार कमी. त्यातली एक अट मोडली की ती ढाल गेली. तपासणीची पट्टी आशाताईकडे ‘निश्चय’ किटमध्ये फुकट मिळते. पाळी चुकल्यावर केली तर उत्तर खात्रीचं. नकार आला आणि तरीही पाळी नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी.

काही उशीर आपणच ओढवून घेतलेले असतात. श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण सोवळ्यात व्हायला हवं, आणि सुनेची तारीख नेमकी त्या रविवारी. औषधाच्या दुकानातून गोळ्या येतात. नोरेथिस्टेरॉन हे त्यांतलं औषध. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. एखाद्या वेळी, डॉक्टरांना विचारून घेतल्या तर बिघडत नाही. पण कानबाई, मग गणपती, मग गौरी, मग नवरात्र, मग पुतण्याचं लग्न, असं वर्षभर ढकलत गेल्यावर ‘माझी पाळी आताशा नीट येत नाही’ असं म्हणणारी बाई मी पाहिली आहे. देवीला चालत नाही असं देवीने कधी सांगितलं, हा प्रश्न वेगळा. तो मी इथे विचारत नाही, फक्त टिपून ठेवते.

पाळणा लांबवण्याच्या सरकारी साधनांचंही असंच आहे. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं इंजेक्शन घेणाऱ्या कित्येकींची पाळी हळूहळू थांबते. ‘छाया’ ही लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत जन्मलेली संप्रेरकविरहित गोळी, आधी तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. तिने पाळी लांबते. २०१७ पासून दोन्ही सरकारी दवाखान्यांत फुकट मिळू लागली. हे आधी नीट सांगितलं नाही तर बाईला वाटतं, आत रक्त साठतंय. ते साठत नाही. अस्तर तयारच होत नाही, तर पडणार काय?

शहरातल्या मुलींत सध्या ‘पीसीओडी’ हा शब्द घरोघरी पोचला आहे. स्टाइन आणि लेवेंथल या शिकागोच्या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात बायकांवरून या विकाराचं वर्णन केलं. लांबणारी पाळी, चेहऱ्यावर केस, मुरुमं, वजन यांची ती गुंफण असते. पण सोळा वर्षांच्या मुलीची एक सोनोग्राफी करून तिच्या कपाळी हे नाव चिकटवणं चुकीचं. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं तरी केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात, कारण त्या वयात अनेकींचे निरोगी अंडाशयही तसेच दिसतात. जळगावच्या रिंग रोडवर रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या आयांना हे कुणीतरी सांगायला हवं. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ केंद्रं असतात. तिथे मुलीला एकटीने बोलता येतं.

दोन्ही तक्रारी एकदम आल्या की घरात सहसा असा तर्क लढवला जातो, पांढरं जातं म्हणून लाल थांबलं. गोष्ट उलटी असते. अंडं उशिरा सुटणार असेल तर तारेसारखा स्रावही उशिरा येतो, कधी दोनदा येतो. दिवस राहिले असतील तर पाळी थांबते आणि पांढरं वाढतं. एका मूळ कारणाच्या त्या दोन फांद्या. यात एकच प्रसंग असा की सब्जा बाजूला ठेवून गाडी बोलवावी. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, थोडं थोडं रक्त आणि डोळ्यांपुढे अंधारी. गर्भ नलिकेत अडकलेला असू शकतो. नलिका फुटली तर हातात फार वेळ नसतो.

आणि दुसरा, घाईचा नसलेला पण न विसरण्याचा. संबंधांनंतर रक्त, पाण्यासारखा घाण वासाचा लालसर स्राव, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग. इथे गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग नाही ना, हे बघावं लागतं. टाटा रुग्णालयाच्या लोकांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहा-बारा वर्षं साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्या बायकांकडून सौम्य व्हिनेगर लावून ही तपासणी करवली आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले. तिशीनंतर ती प्रत्येकीने करावी. सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

हे सगळं टाळून एक सोपा रस्ता आपल्याकडे रूढ झाला आहे. पांढरं जातं? पाळी त्रास देते? मुलं झाली ना? मग पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे तिचे आकडे आले. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिकजणींची पिशवी काढलेली. चाळीसगाव-धुळ्याकडून कोयता घेऊन जाणाऱ्या टोळ्यांना ही गोष्ट परकी नाही. पाळीमुळे चुकणाऱ्या दिवसाचा मुकादमाचा खाडा वाचतो, ऑपरेशनचं कर्ज मात्र डोक्यावर बसतं. आणि शरीराच्या दृष्टीने बघा. स्राव येतो तो मुख्यतः गर्भाशयाच्या तोंडातून आणि योनीच्या भिंतीतून. पिशवी काढली तरी योनी तिथेच असते, जिवाणू तिथेच असतात, नवरा सुरतेहून येतोच. पांढरं पुन्हा जाऊ लागतं. सोबत अंडाशयही काढले असतील तर तिशी-पस्तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात. हाडं झिजतील या भीतीने जिने ऑपरेशन करून घेतलं, तिची हाडं ऑपरेशनने झिजतात.

पाळीत घ्यायच्या कपड्याच्या घडीबद्दल एक सांगायचं राहिलं. सुती कापड वाईट नसतं. ते साबणाने धुवून कडक उन्हात वाळवलं तर चांगलं असतं. खान्देशात ऊन मोप. पण ती घडी वाळते न्हाणीच्या कोपऱ्यात, साडीखाली, कुणाला दिसू नये म्हणून. अंगण तापून निघतं आणि घडी ओलसरच राहते.

डॉक्टरीणबाई टेबलापलीकडून विचारतात, ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ तारीख फार थोड्याजणी सांगतात. बाकीच्या म्हणतात, ‘पोळ्याच्या आधी दोन दिवस,’ ‘कानबाई बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी.’ डॉक्टरीणबाई भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत मागे जातात, सणावर बोट ठेवतात आणि दिवस मोजायला लागतात.